हाजीअलीचं प्रवाळ, नागपूरची परवानगी

पहाटे ३:३०

वैशाख वद्य प्रतिपदा. काल बुद्धपौर्णिमा झाली, म्हणजे आज उधाण. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खालीही उतरतं. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. आजची ओहोटी सकाळी साडेसहाच्या सुमाराला. आमचं हजेरीपुस्तक अंधेरीच्या ऑफिसात असलं तरी कामाची वेळ पाणी ठरवतं. उन्हाळ्यात सकाळची ओहोटी खोल जाते, हिवाळ्यात संध्याकाळची. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात मी माणसांसारखी उठते आणि एप्रिल-मेमध्ये कोंबड्याच्याही आधी.

बॅग रात्रीच भरलेली. रबरी तळाचे बूट, हेडटॉर्च, कॅलिपर, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर, पाण्याच्या बाटल्या, बीटाडीन आणि चार पेन्सिली. ओल्या कागदावर पेन चालत नाही. सोबत पीव्हीसी पाइपची, अर्धा मीटर बाजूची चौकट. बोरिवलीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आणि एल्बो आणून घरीच जोडलेली. सोसायटीचा वॉचमन मला अजूनही प्लंबिंगच्या कामातली समजतो आणि मीही त्याचा समज दूर केलेला नाही. "डबा घेतलास का?" एवढं आई झोपेतच विचारते. जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलीला पहाटे साडेतीनला खडकांत कशाला जावं लागतं, हा प्रश्न तिने केव्हाच सोडून दिला आहे.

४:१५

बोरिवलीहून चर्चगेटला जाणारी धीमी लोकल. या वेळेला गाडीत रिकाम्या पाट्या घेतलेल्या कोळणी असतात, ससून डॉकला माल घ्यायला निघालेल्या. त्यांना माझ्या बुटांचं नवल वाटत नाही.

नातेवाइकांना मात्र वाटतं. मुलुंडचे काका दर लग्नात विचारतात, "अगं, मुंबईत कुठून आलंय प्रवाळ? त्याला अंदमानला जायला हवं." काकांचं निम्मं बरोबर आहे. प्रवाळांची बेटं, भिंती, टीव्हीवर दिसणारी रंगीबेरंगी बाग, असलं मुंबईत काही नाही. भारतातले मोठे प्रवाळ खडक कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपला आणि अंदमान-निकोबारला. महाराष्ट्रात सांगण्यासारखी प्रवाळं मालवणच्या आसपास आहेत. शिवाय विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्रात बुडालेलं एक पठार आहे. त्याला कान्होजी आंग्र्यांवरून आंग्रिया बँक म्हणतात. मुंबईचं पाणी मात्र खाड्यांच्या गाळाने बारा महिने गढूळ आणि पावसाळ्यात वरून गोडं पाणी ओततं. अशा पाण्यात प्रवाळाचा खडक तयार होत नाही.

पण खडक होत नाही म्हणून प्रवाळच नाही, असं होत नाही. खडक ही लाखो जीवांनी हजारो वर्षं केलेली बांधणी असते, आणि प्रवाळ हा त्यातला एकेक जीव. त्यातल्या काही जाती एकट्यादुकट्या, गढूळ पाण्यात, बेसॉल्टच्या दगडावर चिकटून राहू शकतात. मी ज्यांच्यासाठी निघाले आहे त्या याच.

५:२०

महालक्ष्मीहून चालत हाजीअली. अजून अंधार आहे. वर कोस्टल रोडचे दिवे, खाली उघडे पडत चाललेले दगड. हा किनारा निसर्गाने दिला तसा राहिलेला नाही. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधली समुद्राची वाट अठराव्या शतकात बांध घालून बुजवली गेली, तोच हॉर्नबी व्हेलार्ड. म्हणजे इथले जीव माणसाच्या बांधकामाशी सव्वादोनशेहून जास्त वर्षं जुळवून घेत आले आहेत. 'निसर्ग विरुद्ध विकास' ही सोपी मांडणी इथल्या दगडांवर टिकत नाही. माणसाने टाकलेल्या दगडांवरही प्रवाळ बसतं. त्याला घट्ट, न हलणारी जागा आणि अधूनमधून वाहतं पाणी लागतं. दगड कोणी टाकला याची ते चौकशी करत नाही.

पाणी उतरतंय तशी मी त्याच्या मागोमाग खाली उतरते. वरच्या पट्ट्यात कालवं, त्यांच्या धारदार कडा. बीटाडीन त्यांच्यासाठीच. त्याखाली झोअँथिडचे हिरवट-तपकिरी गालिचे, डबक्यांत समुद्रफुलं, मधूनच एखादी चिंबोरी. दोन दगडांच्या फटीत गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या.

६:०५

सूर्य उगवला, टॉर्च बंद.

पहिलं काम म्हणजे मागच्या वेळची प्रवाळाची वसाहत पुन्हा शोधायची. ऐकायला सोपं वाटतं. वसाहत तीन-चार सेंटिमीटरची, फोनचं जीपीएस तीन-चार मीटर इकडेतिकडे दाखवणार. दगडाला खिळा ठोकून बिल्ला लावता येत नाही, कारण तेही प्रवाळाला धक्का लावणंच ठरू शकतं. म्हणून दोन न हलणाऱ्या खुणा धरायच्या, एक दगडाचा कोपरा आणि एक भिंतीची कड. दोन्हींपासून टेप लावायची आणि जिथे दोन अंतरं जुळतील तिथे गुडघ्यावर बसायचं.

आज जुळली. दगडाच्या उभ्या बाजूला, थोड्या छायेत, ऑलास्ट्रिया क्रिस्पाटा. इंग्रजीत हिला झेब्रा कोरल म्हणतात आणि बघितल्यावर कारण लगेच कळतं. बहुतेक कठीण प्रवाळांचा सांगाडा पांढरा असतो, हिचा काळा. त्यावर प्रत्येक पॉलिपच्या वाटीत मधोमध जमणारे पांढरे पडदे. पाणी नुकतंच उतरल्यामुळे पॉलिप आत मिटलेले, वर पातळ, ओलसर, तपकिरी-हिरवी त्वचा. वसाहतीच्या खालच्या कडेवर गाळाचा थर बसलाय, पण जिवंत भागावरून तो सरकलेला दिसतो. प्रवाळ स्वतःच्या चिकट स्रावावर गाळ घेऊन तो बाजूला ढकलतं. उजव्या बाजूने केशरी स्पंज पुढे येतोय. मागच्या फोटोत दोघांमध्ये जागा होती. आज ते एकमेकांना टेकले आहेत. मी कॅलिपर अंगाला न लावता शेजारी धरून माप घेते, चौकट ठेवते, वरून, कडेने, जवळून फोटो काढते.

शेजारच्या फटीत रायझँजिइडी कुळातल्या छोट्या वाट्या. यांच्या शरीरात शेवाळ नसतं, त्यामुळे यांना उजेडाची गरज नाही. ऑलास्ट्रियासारख्या जातींच्या पेशींत एकपेशीय शेवाळ राहतं आणि ते उन्हातून अन्न तयार करून प्रवाळाला देतं. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. त्यालाच विरंजन म्हणतात. विरंजन ओळखायला क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा एक रंगपट्टा मिळतो. जगभर लोक तो प्रवाळाशेजारी धरून रंगाचा आकडा लिहितात. पण तो पांढऱ्या सांगाड्याची प्रवाळं डोळ्यांसमोर ठेवून केलेला. आमच्या काळ्या सांगाड्याच्या बाईंना तो अर्धाच लागू पडतो. तरीही आकडा लिहून ठेवते, निदान स्वतःशी तुलना करायला.

६:५०

पाणी वळलं. कालवं फोडायला आलेल्या एक मावशी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"काय गो, हरवलं काय?"

"नाही मावशी, पोवळं बघतेय."

त्यांनी हात पुढे करून अंगठी दाखवली. "हे?"

अंगठीतलं लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातल्या कोरॅलियम या वेगळ्या गटातलं असतं, ते इथे उगवत नाही. हे सांगितल्यावर मावशी खूश झाल्या, कारण सोनाराने त्यांना नेमकं 'परदेशी' असंच सांगून जास्त पैसे घेतले होते. मग मी फटीतल्या वाट्या दाखवल्या. त्यांनी नीट वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर तर आम्ही रोज पाय देतो." त्यानंतर त्या बाजूच्या दगडावरून गेल्या.

पाणी घोट्याला लागलं. तापमान, क्षारता, दोन बाटल्या पाणी, आणि वर.

९:३०

अंधेरी. गाडी उलट्या दिशेची, त्यामुळे बसायला जागा. ऑफिसात पोचल्यावर आधी बूट धुवायचे, मग चहा.

अंधेरी पश्चिमेला लोक मालिकांच्या शूटिंगसाठी ओळखतात. पण समुद्रविज्ञानाचंही हे एक जुनं ठाणं आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ती १९६१ मध्ये स्थापन झाली आणि १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे. तिच्या जुन्या आवारात केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबईचं केंद्र, आणि चार बंगल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र. एका रिक्षाच्या भाड्यात तिन्ही ठिकाणं होतात, रिक्षावाला तयार झाला तर.

बाटल्यांचं काम लांबवता येत नाही. आधी वजन केलेल्या गाळणकागदातून व्हॅक्यूम पंपाने पाणी गाळायचं, कागद १०५ अंशांवर ओव्हनमध्ये सुकवायचा, डेसिकेटरमध्ये गार करायचा, पुन्हा वजन करायचं. फरक म्हणजे पाण्यात तरंगणारा गाळ. वजनकाटा ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवतो, त्यामुळे त्या वेळी पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद करून काट्याचा आकडा स्थिर व्हायची वाट बघणं, ही समुद्र संशोधनाची बाजू माहितीपटांत दाखवत नाहीत.

११:३०

फोटो संगणकावर. प्रत्येक चौकटीवर सॉफ्टवेअर ठिपके टाकतं आणि प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते मी सांगायचं: उघडा दगड, कालव, शेवाळ, स्पंज, झोअँथिड, प्रवाळ, प्लास्टिक. कोरलनेटसारख्या प्रणाली हल्ली ओळख स्वतःच सुचवतात. पण त्या स्वच्छ पाण्यातल्या खडकांवर शिकलेल्या, आमच्या गाळ बसलेल्या दगडाला त्या बिनदिक्कत 'वाळू' म्हणतात. शेवटी डोळेच.

या कंटाळवाण्या कामाचं मोल मला कोस्टल रोडच्या प्रकरणाने कळलं. २०२० मध्ये हाजीअली आणि वरळी इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती, रस्त्याच्या कामात येत होत्या म्हणून, तिथून काढून शहराच्याच किनाऱ्यावर दुसरीकडे लावण्यात आल्या. काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालं. जाती याच, ऑलास्ट्रिया आणि रायझँजिइडी. सगळ्या वसाहती एकत्र मांडल्या असत्या तर अर्धा चौरस मीटरही भरला नसता. काहींनी चेष्टा केली, एवढ्याशा जागेसाठी एवढा खटाटोप! मला उलट वाटतं. १४ हजार कोटींच्या घरातल्या रस्त्याला अर्ध्या चौरस मीटरसाठी थांबून हात जोडावे लागले, हे कायद्याचं काम झालं.

पण स्थलांतर म्हणजे संवर्धन, हे मला पटत नाही. दगडासकट उचललेली वसाहत जगली तरी तिच्या भोवतालची फट, सावली, शेजारी हे सगळं मागेच राहतं. आणि मोजल्या गेल्या त्याच वसाहती हलवल्या जातात. ज्या कोणी पाहिल्याच नाहीत त्या भरावाखाली जातात आणि कागदावर त्या कधी नव्हत्याच. खरा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी त्या जागी कोणी, कोणत्या ऋतूत, किती खोल ओहोटीला उतरलं होतं, हा आहे. भांगाच्या, म्हणजे उधाणाच्या उलट्या दिवशी, अर्धवट उतरलेल्या पाण्याच्या काठाने फिरून 'प्रवाळ आढळलं नाही' असं लिहिणं खोटं नसतं, पण निरुपयोगी असतं.

१:१५

डबा. गवारीची भाजी, पोळी, कैरीचं लोणचं. समोर बसलेली कनिष्ठ सहकारी लक्षद्वीपहून आलेली छायाचित्रं दाखवत होती. एप्रिल २०२४ मध्ये जगातली चौथी मोठी विरंजनाची लाट जाहीर झाली आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडल्याच्या नोंदी झाल्या. फोटो सुंदर होते, हीच त्यांतली वाईट गोष्ट. मेलेलं प्रवाळ शेवाळाने माखून तपकिरी होतं. पांढरंशुभ्र दिसतं तेव्हा ते अजून जिवंत असतं, पण उपाशी.

"मग आपलं ऑलास्ट्रिया टिकतं ते कसं ताई?" तिने विचारलं. नेमकं उत्तर मोठं आहे. थोडक्यात, ते मुळातच गढूळ, कमी उजेडाच्या, तापणाऱ्या आणि थंडावणाऱ्या पाण्यात राहणारं आहे, अगदी जपानपर्यंतच्या गार पाण्यातही सापडतं, आणि केवळ शेवाळावर अवलंबून न राहता पाण्यातले बारीक जीवही पकडून खातं. म्हणून मुंबईच्या या खडबडीत जिवांवर काम व्हायला हवं. उद्याचा समुद्र लक्षद्वीपपेक्षा हाजीअलीसारखा असण्याची शक्यता जास्त.

२:३०

कागद.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, वाघाच्या पंगतीत. म्हणजे हाजीअलीच्या दगडावरचा तीन सेंटिमीटरचा जीव कापणं, तोडणं, घरी नेणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे, संशोधकासाठीसुद्धा. नमुना हवा असेल तर प्रधान मुख्य वनसंरक्षकांची परवानगी लागते, आणि वन्यजीव विभागाचं ते कार्यालय नागपूरला. महाराष्ट्रातलं समुद्रापासून इतकं लांब मोठं शहर दुसरं सापडणार नाही. याची थट्टा आम्ही सगळेच करतो. पण मला नियम योग्य वाटतो. नमुना सहज मिळाला असता तर प्रत्येक प्रबंधामागे एकेक वसाहत गेली असती, आणि इथे वसाहती आहेत तरी किती? आजचं पत्र एका छोट्या तुकड्याच्या जनुकीय तपासणीसाठी. तिसरा मसुदा. 'कमीत कमी इजा होईल अशा पद्धतीने' म्हणजे नेमकं किती मिलिमीटर, ते लिहा, असा शेरा आला होता. शेरा बरोबर आहे, लिहिलं.

कायद्याची हद्दही इथेच कळते. राज्याची सत्ता किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात चालते, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. आंग्रिया बँक त्याच्या पलीकडे. म्हणून हाजीअलीच्या एका वसाहतीला जेवढं संरक्षण आहे तेवढं त्या अख्ख्या पठाराला जागा म्हणून मिळवून देणं अवघड जातं. उलट मालवणला १३ एप्रिल १९८७ पासून २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य कागदावर आहे, पण त्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध राहिला आहे. ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात त्यांना विचारल्याशिवाय आखलेली रेघ पाण्यावरच राहते.

४:४५

वर्सोवा कोळीवाडा. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी, त्यामुळे होड्या ओढून घ्यायची घाई. वलांडीवरचे शेवटचे बोंबील उतरवले जात होते. ओळखीच्या एका तांडेलांनी फोन केला होता, "जाळ्यात झाड आलंय, बघून जा."

झाड म्हणजे समुद्रपंखा, हातभर लांब, केशरी, फांद्यांत दोऱ्याचा गुंता. प्रवाळांचाच नातलग आणि पहिल्या अनुसूचीतला. मेलेला होता. मी जागेवरच फोटो काढले, किती वाव पाण्यात जाळं होतं ते विचारलं, लिहून घेतलं. ते स्वतः आपणहून सांगत होते, कुठे जाळं अडकतं, कुठे तळ खडकाळ आहे. त्यांच्या डोक्यात जो नकाशा आहे तो आमच्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. "पुढच्या वेळी जिवंत असला तर काका, जाळं कापून का होईना, पाण्यात सोडा," म्हटलं. "आणि जाळं?" त्यांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि कुठल्याही अहवालात मी ते वाचलेलं नाही.

८:००

बोरिवलीला घरी. आजचे फोटो आयनॅचरलिस्टवर चढवते. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाने २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन नोंदी करायला शिकवलं. त्यातून मुंबईच्या शेकडो सागरी जाती लोकांच्या फोनमधून नकाशावर आल्या. कोस्टल रोडच्या वादात किनाऱ्यावर जीव आहेत हे दाखवण्यात अशा नोंदींचा वाटा मोठा होता.

आता रस्त्यांचं काम उपनगरांकडे सरकतंय. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू बांधला जातोय, पुढे वर्सोव्याहून उत्तरेला दहिसरकडे रस्ता जायचा आहे. वांद्रे, जुहू, वर्सोवा, मढ, गोराई इथल्या खडकांची ऋतुवार पाहणी हाजीअलीइतकीसुद्धा झालेली नाही, आणि एका ऑफिसातले आम्ही चार जण ती करू शकणार नाही.

तेव्हा तुम्ही या. वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्याच्या सहा तास मागे किंवा पुढे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडा, एकटे जाऊ नका, रबरी तळाचे बूट घाला आणि पाणी वळलं की परत फिरा. दगड उलटलात तर खालच्या जिवांसाठी तो पुन्हा होता तसा ठेवा. कुठल्याही जिवाला हात लावू नका. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, माप आम्ही त्यावरून काढू.